जनानी मोटारीची नळी

१

आमच्या घरी सकाळी उठलं की आधी बैलाखालचं शेण काढायचं आणि मग मोटारीवरची धूळ पुसायची. दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. हळ्ळीखेडात मोटार असलेलं घर आमचं एकटंच. त्याचा तोरा आमच्या मालकाला, फडकं मात्र माझ्या हातात.

मालक म्हणजे माझे धनी, अंकुशराव. तुरीचा व्यापार करतात, पण जीव सगळा त्या मोटारीत. लढाई सुरू व्हायच्या आधी हैदराबादेहून आणली होती. कुठल्याशा नवाबाच्या देवडीतली, म्हणजे वाड्यातली, जनानी मोटार. मागच्या सीटला चारी बाजूंनी काळे पडदे. आतल्या बाईनं तोंड न दाखवता ड्रायव्हरला हुकूम सोडावा म्हणून मागून पुढं ड्रायव्हरच्या कानापर्यंत एक बारकी पितळी नळी नेलेली, सीटच्या खालून. मागच्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड. आम्हाला त्या नळीचं काय काम? माझं बोलणं मालकाला तसंही चार घरं ओलांडून ऐकू जातं.

त्या उन्हाळ्यात मात्र माझं बोलणं आटलं होतं. लेक राजू बाळंतपणाला माहेरी आली होती. तिसरी खेप. आधीची दोन्ही लेकरं पुऱ्या दिवसांची, नाकीडोळी नीट, आणि दोघांनीही श्वास म्हणून घेतला न्हाई. दोन्ही वेळा त्यांच्या नाकापुढं तळहात धरून मीच बसले होते. हाताला काही म्हणता काही लागलं न्हाई. राजू आता पोटावरून हातसुद्धा फिरवत नव्हती. हेही तसंच गेलं तर माझी लेक मागं राहायची न्हाई, हे मला तिच्या जेवणाच्या ताटावरनंच कळत होतं.

सिद्धव्वा सुईणीनं पोट चाचपलं आणि हात मागं घेतला. "अक्का, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई. गुलबर्ग्याला डॉक्टरीणबाईकडं न्या. कळा लागायच्या आधी न्या."

मोटार दारातच, गोठ्यात बैलाशेजारी उभी होती. पण तिच्या खालून पेट्रोल ठिबकायला लागलं होतं.

२

मालक मोटारीखाली पाठ टेकून पडले होते, धोतराला काळं लागलेलं. मी शेजारी उकिडवी बसलेली.

"टाकीपासून इंजनापर्यंतची तांब्याची नळी सगळी गेली," खालून आवाज आला. "हात लावीन तिथं चिरायलीय. सांध्याचं रबर तर पार पिठावानी झालंय."

"मग बदला की."

"तांबं काय शेतात पिकतं व्हय? सगळं लढाईवर चाललंय. हुमनाबादला विचारलं, कल्याणला विचारलं. कुणी वीतभर देईना."

"अशीच न्या मग."

"अशी नेली तर वाटंत पेट घेईल. राजूला जाळू का?"

असलं तोंडाला येईल ते बोलायची खोड हाय त्यांना. "जीभ झडो तुमची," म्हणलं आणि उठले. पण राजूला मोटारीजवळ नुसतं नेलं तरी त्या वासानं ती ओकत होती, हेही खरंच.

दुपारी जेवता जेवता ते एकदम ताट सोडून उठले. हातसुद्धा न धुता गोठ्यात. मी मागोमाग. बघते तर ड्रायव्हरच्या सीटपाशी वाकून त्या बोलायच्या नळीचं टोक चाचपायलेत. "लांबीला बरोबर भरती. पितळ हाय, भोक नीट हाय. ही देवानं आपल्याचसाठी राखून ठेवली होती बघ!"

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

नळीच्या त्या पुढच्या टोकात कापडाचा बोळा होता. आजवर आम्ही कधी बघितलाच न्हाई, कारण नळी वापरलीच न्हाई. तो निघता निघेना. मालकांनी पेचकस घातला, मग माझी गोधडीची सुई घेतली, शेवटी पकडीनं ओढला. कुणीतरी जिवाच्या आकांतानं, ठासून ठासून भरलेला बोळा. ड्रायव्हरच्या खाकी कपड्याचा फाडलेला तुकडा असावा.

"लेकाचा कामचोर," मालक हसले. "बाईचं बोलणं ऐकायला नको म्हणून कान बुजवून घेतले."

बोळा माझ्या हातात दिला. बाहेरची बाजू वाळून खडखडीत, धुळीनं भरलेली. नळीकडची बाजू ओली होती. हात लावला तर कोमट.

वैशाखाचं ऊन. गोठ्यातला रांजण दुपारपर्यंत कोरडा पडत होता. मी बोळा मालकापुढं धरला. ते म्हणले, "पेट्रोल झिरपलं असंल." मी वास घेतला. पेट्रोलचा न्हवता. पण त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडं वेळ कुठं होता? बोळा कनवटीला खोचला आणि राजूला ताक द्यायला गेले.

३

कल्हईवाल्यानं नळीच्या दोन्ही टोकांना डाग देऊन सांधे बसवून दिले. आता बसवायच्या आधी नळी आतून साफ हाय का, हे बघायचं होतं. त्याची रीत सोपी. एकानं एका टोकाला फुंकायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला तळहात धरायचा. वारा लागला की नळी मोकळी.

अंगणात ओट्यावर नळी आडवी ठेवली. मालक त्या टोकाला, मी ह्या टोकाला.

"धरलास का?"

"धरला."

त्यांनी गाल फुगवून फुंकलं. माझ्या तळहाताच्या मधोमध वारा आला. "आलं आलं," मी म्हणले. ते खूष. उठले, रांजणापाशी गेले, तांब्या भरून घटाघटा पाणी प्यायला लागले. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती.

आणि माझ्या हातावर वारा येतच होता.

मंद. कोमट. वारा म्हणावा तर गोठ्यावरचं पाचटसुद्धा हलत नव्हतं. मी हात काढला, पदराला पुसला, परत धरला. येतच होता. घरात बाळंतिणी आणि आजारी माणसं पुष्कळ बघितलीत मी. माणसाचा श्वास कुठंतरी थांबतो, आत जातो, मग परत बाहेर येतो. हा नुसता बाहेर येत होता. मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले, तीनदा घेऊन झालं, तरी हा थांबायला तयार न्हाई.

"अहो, इकडं या."

ते आले, हात धरला. भुवया वर गेल्या. मग म्हणले, "ऊन लागलंय की नळीला. आतली हवा तापून फुगायलीय, बाहेर यायलीय. एवढं कळंना?"

"एवढा वेळ?"

"लांब नळी हाय."

"आणि वास?"

वास त्यांनाही आला होता. लवंगेचा. कुणी विडा चघळत अगदी तोंडाजवळ येऊन बोलावं, तसा.

"तुझ्याच तोंडाचा असंल."

"मी कधी लवंग खाल्लेली बघितलात?"

त्यांनी नळी उचलली, भराभरा मोटारीखाली शिरले आणि बसवायला लागले. आमच्या मालकाला भ्या वाटलं की ते जास्तच काम करतात. मला ते लग्नापासून ठाऊक हाय.

४

दिवेलागणीला सगळं तयार झालं. टाकीत पेट्रोल ओतलं, खाली थेंब पडला न्हाई. सकाळी निघायचं ठरलं.

माझा मात्र जीव ठिकाणावर नव्हता. नळी काढून फेका म्हणावं तर राजूला न्यायचं कशावर? बैलगाडीच्या धक्क्यांनी ती वाटेतच मोडली असती. आणि मालकांना सांगू काय? नळी श्वास सोडती म्हणून?

आमच्याकडं कुणी अनोळखी बाई उंबऱ्यात आली तर तिला तसंच जाऊ देत न्हाईत. हळदीकुंकू लावायचं, मूठभर तांदूळ पदरात घालायचे. मग ती कुठली का असंना, कुणाची का असंना. जाताना ती घराचं चांगलं चिंतून जाती. मला दुसरं काही सुचलंच न्हाई. मी ताटात खण घेतला, तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी घेतली. विडा केला आणि त्यात एक लवंग खोचली. आवडत असंल म्हणून.

गोठ्यात जाऊन मोटारीचं मागचं दार उघडलं. ते पितळी फुलाचं तोंड अजून तिथंच होतं, सीटच्या बाजूला. मागची नळी काढून घेतलेली, नुसतं तोंड तेवढं लाकडाला ठोकलेलं. मी ओटी सीटवर ठेवली आणि त्या तोंडाशी वाकले.

"बाई, तुम्ही हिंदूच्या का मुसलमानाच्या, मला ठाऊक न्हाई. तुमची नळी आम्ही घेतली, राग धरू नका. उद्या माझी लेक तुमच्या जागंवर बसणार हाय." इथं मला रडू फुटलं. "तिची दोन लेकरं श्वासावाचून गेली ओ. तुमच्यापाशी लई श्वास हाय. तिच्या लेकराला लागंल तेवढा द्या."

मी बोलायची थांबले. सीटच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे हळूच आत ओढले गेले, सीटला चिकटले आणि मग सैल पडले. बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं.

संध्याकाळचा वारा सुटला असंल, म्हणलं. बाहेर येऊन बघितलं. अंगणातल्या दिव्याची वात सरळ जळत होती.

५

सकाळी निघालो. मालकांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडल मारलं, आणि मोटार पहिल्याच दणक्याला सुरू झाली. मागच्या सीटवरची ओटी तशीच होती. विडाही होता. मी सगळं गोळा करून राजूच्या पदरात घातलं, कारण ओटी टाकून कशी देणार? विड्यात लवंग दिसली न्हाई. गळून पडली असंल, असं मी स्वतःला सांगितलं.

राजू पडद्याआड माझ्या अंगावर रेलून बसली होती. "माय, आज वास येईना गं पेट्रोलचा," म्हणली. कित्येक दिवसांत ती आपणहून बोलली तेवढंच.

"तुझ्या अप्पानं नवी नळी घातलीय."

पुढून अप्पा ओरडले, "विलायतेतसुद्धा असलं काम व्हायचं न्हाई!"

हुमनाबाद मागं पडलं. ऊन चढलं. तांबड्या मातीची ती मोकळी रानं, तूर कापून गेलेली, नजर जाईल तिथवर एक माणूस न्हाई. कमलापूरच्या अलीकडं चढ हाय, तिथं मोटार खोकली. परत खोकली. मग उभीच राहिली.

मालक उतरले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. पान्याची टकटक. मग त्यांची शिवी.

"काय झालं ओ?"

"पेट्रोल येईना. नळीतनं नुसते बुडबुडे यायलेत."

"मग आता?"

"ऊन हाय. पेट्रोलची वाफ झाली असंल. थांबेल की."

तेवढ्यात राजूनं माझा दंड धरला. नखं रुतली. तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं. कळा लागल्या होत्या.

"अहो! चालवा लवकर!"

"बुडबुडे थांबेनात!" ते रडकुंडीला आले होते. "अगं, एकट्याच्यानं होईना. मागं टाकीजवळ सांधा सोडलाय, तू तिथं हात धर. मी इकडून फुंकतो. एवढंच कर, नळी मोकळी झाली की निघालोच."

"हिला सोडून?"

"सीटच्या खालीच तर हाय! हाताच्या अंतरावर!"

राजू म्हणली, "जा माय. मी दम धरती."

मी तिच्या डोक्याखाली उशी दिली, पडदा ओढून घेतला आणि उतरले.

६

मोटारीच्या मागं खडीवर गुडघे टेकले, हात आत घातला. नळीचं टोक लागलं. तळहात धरला.

"धरलाय. फुंका!"

त्यांनी फुंकलं. मला त्यांच्या गालातनं निघालेला आवाज ऐकू आला. हाताला काही लागलं न्हाई.

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई ओ!"

काल जिच्यातनं एवढा वारा येत होता, ती नळी आज मुकी. मला त्या दोन लेकरांची नाकं आठवली. तळहात तसाच कोरडा. वर राजू कण्हत होती, एकदा, दोनदा. मग तिचं कण्हणं थांबलं.

मी मान वर केली. माझ्या डोक्यावर तो काळा पडदा होता. तो बाहेर फुगला होता. आतनं कुणी तोंड लावून फुंकावं तसा. मी वाट बघितली की आता आत जाईल, आता सैल पडंल. तो फुगलेलाच राहिला. थरथरत होता, आणि कडेच्या फटीतनं कोमट वारा माझ्या कपाळावर येत होता. लवंगेचा.

उठून फटीतनं आत बघितलं. राजू आडवी होती, डोळे मिटलेले. तिच्या डोक्याखाली उशी नव्हती. कुणाचीतरी मांडी होती. गर्द हिरवं रेशीम, आणि त्याच्यावर टेकलेला एक हात, राजूच्या केसांतनं फिरत असलेला. त्याच्या वरचं मी बघितलं न्हाई. बघवलं न्हाई.

"राजू!"

पडदा ओढला. उशी होती. राजू होती. तिच्या पोटावर लेकरू होतं, ओलं, नाळेसकट. मुलगी. रडत नव्हती, हलत नव्हती.  दोन्ही वेळा हे असंच तर झालं होतं. मी वाकले आणि सवयीनं तिच्या नाकापुढं तळहात धरला.

वारा लागला.

"हाय!" मी बोंब ठोकली. "अहो, हाय! जित्ती हाय!"

पुढून मालकांच्या रडण्याचा आवाज आला. मी राजूचं तोंड कुरवाळत होते, हसत होते, काय बोलत होते ठाऊक न्हाई. राजूनं डोळे उघडले.

"एवढी कामून ओरडायलीस माय? मघापासनं तूच तर डोस्कं मांडीवर घेऊन बसली होतीस." तिनं जीभ ओठावरून फिरवली. "आणि लवंग कशाला चारलीस? तोंड पोळलं की."

मालकांनी परत एकदा फुंकून बघितलं. नळी एकदम मोकळी. मोटार पहिल्या हँडलला सुरू झाली.

७

गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईनं राजूला तपासलं, म्हणली सगळं ठीक. लेकराच्या छातीला नळी लावली. लई वेळ ऐकत बसली. कानातनं काढून फडक्यानं पुसली, परत लावली. मग लेकराच्या गुलाबी गालांकडं बघितलं, राजूच्या तोंडाकडं बघितलं, आणि म्हणली, "छान आहे. घरी न्या."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. सिद्धव्वा रोज न्हाऊ घालायला येती, म्हणती असलं शांत लेकरू बघितलं न्हाई, एकदासुद्धा रडलं न्हाई. राजूला दूध पाजताना बघावं. पोर गाणं म्हणायलीय. दोन वेळा पोटभर जेवायलीय. मालक तर गावभर सांगत सुटलेत, माझ्या नळीनं नात आणली म्हणून. अंगडं-टोपडं झालं, पाळणा आला, बारशाला कल्याणहून पाहुणे येणार हायत.

काल दुपारी सगळे पडले होते. मी पाळण्याशी बसले होते. लेकरू झोपलेलं. मी सहज तळहात धरला, जुनी सवय. श्वास लागला. कोमट. दुधाचा वास यायला पाहिजे, तो येईना. मी हात तसाच ठेवला आणि मनात देवाचं नाव घ्यायला लागले. तीनदा घेतलं. मग अजून घेत राहिले. श्वास बाहेर येतच होता. रडायचं म्हणलं तरी आधी तो आत घ्यावा लागतो.

दुसऱ्या हातानं मी कनवट चाचपत होते, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. तो खाकी बोळा तिथंच होता. रोज लुगडं बदलते, रोज काढून परत खोचते, कामून खोचते ते स्वतःला कधी विचारलं न्हाई. हातात घेतला. केवढासा. त्या ड्रायव्हरनं तो कसल्या घायकुतीला येऊन ठासला असंल, ते मला त्या घडीला पुरतं कळलं. पाळण्यात ते एवढंसं तोंड उघडं होतं.

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बोळा चुलीत घातला. जळेपर्यंत तिथंच उभी राहिले. ओला होता, लई वेळ धुमसला. मला पाळण्यातल्या लेकराचं भ्या वाटत होतं, पण त्याच्याहून जास्त माझ्या हाताचं वाटलं.

"माय," आतनं राजू हाक मारायली होती, झोपाळलेली, सुखावलेली. "घे की गं तिला जरा. मला पाठ टेकू दे."

मी मागितलं होतं. तांदूळ घालून, पदर पसरून मागितलं होतं. आता कुणाच्या दारात परत नेऊन देऊ?

"आले," म्हणलं.

लेकरू उचलून खांद्यावर घेतलं. त्याचं तोंड माझ्या मानेशी आलं. राजू भिंतीकडं तोंड करून लगेच झोपली, लहानपणी झोपायची तशी. मी फेऱ्या मारायला लागले, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मानेवर कोमट वारा लागत होता. मी थोपटत राहिले.